डेम्पस्टरची वाट

कॅनडाच्या नकाशावर अगदी वर, डाव्या हाताला, अलास्काला खेटून युकॉन नावाचा प्रदेश आहे. तिथल्या डॉसन गावाच्या जवळून एक खडीचा रस्ता उत्तरेकडे निघतो. डोंगर, उघडी पठारं आणि दोन मोठ्या नद्या ओलांडत तो सुमारे ७४० किलोमीटरवर इनुविक गावाला पोचतो. वाटेत तो उत्तरध्रुववृत्त ओलांडतो. ज्या रेषेपलीकडे उन्हाळ्यात निदान एक दिवस सूर्य मावळतच नाही आणि हिवाळ्यात निदान एक दिवस तो उगवतच नाही, ती ही रेषा. २०१७ साली इनुविकपासून पुढे टुकटोयाकटुकपर्यंत रस्ता झाला, त्यामुळे आता गाडीवर बसून थेट आर्क्टिक महासागराच्या काठावर जाता येतं. इनुविकपर्यंतच्या या रस्त्याचं नाव डेम्पस्टर हायवे.

जगभरातले मोटारसायकलवाले या रस्त्याची स्वप्नं बघतात. आपल्याकडची मुलं जशी लेह-लडाखची बघतात, तशी. जून ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत त्यांचा हंगाम. पहिली कसोटी पेट्रोलची. दक्षिणेकडचं टोक सोडलं की ३६९ किलोमीटरवरच्या ईगल प्लेन्सपर्यंत पंप नाही. तिथं एक हॉटेल, एक पंप, टायर दुरुस्तीची सोय, आणि बाकी चारी दिशांना नुसतं पठार. बऱ्याच मोटारसायकलींना एक टाकी एवढ्या अंतराला पुरत नाही, म्हणून मागं कॅन बांधून न्यावा लागतो. दुसरी कसोटी खडीची. धारदार दगडांनी टायर फाटतात. तिसरी चिखलाची. धूळ बसावी म्हणून रस्त्यावर कॅल्शियम क्लोराइड मारतात, पाऊस पडला की त्याचा निसरडा गारा होतो, आणि तो गाडीला चिकटून वाळला की सिमेंटसारखा घट्ट बसतो. त्यात पुढं रिचर्डसन डोंगराजवळचा वारा असा, की चालती गाडी रस्त्याकडेला ढकलतो. मोबाइलचं नेटवर्क फक्त गावापुरतं. गावं तरी किती? संपूर्ण रस्त्यावर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

या प्रवासांची वर्णनं वाचताना एक शब्द सारखा भेटतो. निर्जन. निर्जन पठार, निर्जन डोंगर, माणसाचा मागमूस नसलेला मुलूख. आणि गंमत बघा, फोर्ट मॅकफर्सन नावाच्या गावात हीच मंडळी गाडी थांबवून चर्चच्या आवारात जातात आणि चार पोलिसांच्या थडग्यांसमोर उभी राहतात. ते चौघं १९११ साली या मुलखात का मेले, हे नीट समजून घेतलं की ‘निर्जन’ हा शब्द किती फसवा आहे ते कळतं. रस्त्याला डेम्पस्टरचं नाव मिळालं तेही त्याच घटनेतून.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. १८९६ साली डॉसनजवळ क्लॉन्डाइकच्या खोऱ्यात सोनं सापडलं आणि दोन वर्षांत हजारो माणसं तिकडं धावली. डॉसन शहर झालं. पाठोपाठ सरकार आलं, पोलीस आले. उत्तरेकडं पील नदीच्या काठी फोर्ट मॅकफर्सनला आणि त्याही पलीकडं समुद्रात हर्शेल बेटावर पोलिसांनी १९०३ साली ठाणी घातली. या दूरच्या ठाण्यांची टपाल आणि खबरबात दक्षिणेला पोचवायची, म्हणून १९०४-०५ च्या हिवाळ्यापासून डॉसन आणि फोर्ट मॅकफर्सन यांच्यामध्ये दरवर्षी एक गस्त सुरू झाली. अंतर सुमारे ७६५ किलोमीटर. वाहन म्हणजे कुत्र्यांनी ओढायची घसरगाडी. रस्ता नाहीच. गोठलेल्या नद्यांच्या पात्रातून चालायचं, एक ओढा सोडून दुसरा धरायचा, मधली खिंड चढायची, पुन्हा पलीकडच्या पात्रात उतरायचं. साधारण महिन्याभराचा प्रवास.

हा मुलूख ग्विचिन लोकांचा. पील नदीच्या वरच्या अंगाला राहणारे म्हणून त्यांच्यातल्या एका शाखेला तेतलित ग्विचिन म्हणतात. कॅरिबू म्हणजे उत्तरेतलं मोठं हरीण, त्याच्या कळपांमागं हे लोक पिढ्यान्‌पिढ्या फिरत आले. पुरुष, बायका, पोरं, म्हातारी माणसं, सगळं कुटुंबच चालायचं. मुक्कामाला बर्फ बाजूला सारून सूचिपर्णी झाडाच्या फांद्यांचं अंथरूण घालणं, कातडी कमावणं, बूट आणि हातमोजे शिवणं ही कामं बायकांकडं. उणे चाळीस अंशांत बुटाची शिवण उसवली तर माणूस पायाला मुकतो, तेव्हा त्या सुईदोऱ्याची किंमत काय असेल ते आपल्याला सांगायला नको. कुठला ओढा कुठं मिळतो, कुठल्या पात्रात बर्फावर पाणी चढतं, कुठं शिकार मिळेल, हे त्यांना आपल्या गल्लीसारखं पाठ. पोलिसांच्या गस्तीही बहुधा ग्विचिन वाटाड्या बरोबर घेऊन जात.

१९१०-११ ची गस्त मात्र वेगळी निघाली. एरवी ती डॉसनहून उत्तरेला जायची, त्या वर्षी फोर्ट मॅकफर्सनहून दक्षिणेला निघाली. प्रमुख होता इन्स्पेक्टर फ्रान्सिस फिट्झजेराल्ड. हॅलिफॅक्सचा माणूस, वय एक्केचाळीस, हर्शेल बेटावरचं ठाणं उभारणारा, अनुभवी. १९११ मध्ये लंडनला पाचव्या जॉर्ज बादशहाचा राज्यारोहण सोहळा व्हायचा होता आणि त्यासाठी जाणाऱ्या कॅनडाच्या तुकडीत त्याची निवड झाली होती. त्याला लवकर पोचायचं होतं. गाड्या हलक्या राहाव्यात म्हणून त्यानं शिधा बेताचा घेतला, तीस दिवसांचा. बरोबर किन्नी आणि टेलर हे दोन तरुण शिपाई, आणि वाट दाखवायला सॅम कार्टर नावाचा माजी पोलीस. हा कार्टर त्या वाटेनं एकदाच गेला होता, चार वर्षांपूर्वी, तोही उलट्या दिशेनं.

आपल्यापैकी कुणी डोंगरातल्या देवळाला एकदा गेली असेल तर तिला ठाऊक असेल, जाताना पाहिलेली वाट येताना ओळखू येत नाही. झाडाची, खडकाची दुसरीच बाजू समोर येते. इथं तर चार वर्षांचं अंतर आणि सगळ्यावर बर्फाचं एकच पांढरं पांघरूण.

२१ डिसेंबर १९१० ला चौघे, तीन गाड्या आणि पंधरा कुत्री निघाली. सुरुवातीलाच ते वाट चुकले. तेव्हा वाटेत ग्विचिन कुटुंबांचा तळ भेटला, आणि त्यांच्यातल्या इसाव जॉर्ज या माणसाला फिट्झजेराल्डनं काही दिवसांसाठी वाट दाखवायला घेतलं. इसावनं त्यांना बरोबर मार्गाला लावून दिलं. १ जानेवारी १९११ ला फिट्झजेराल्डनं त्याला पैसे देऊन परत पाठवलं. पुढची वाट कार्टरला माहीत आहे, असा भरवसा.

ही कथा खरी वळते ती इथं. वादळ, हिमकडा, लांडगे असलं काही नाही. माहीतगार माणूस समोर उभा होता, त्याला घरी जायला सांगितलं, एवढंच.

पुढं फॉरेस्ट क्रीक नावाचा एक ओढा पकडायचा होता. डॉसनकडं जाणारी वाट त्या ओढ्यातून. कार्टरला तो सापडेना. एका ओढ्यात शिरायचं, काही मैल जायचं, हा नव्हे म्हणून परतायचं, मग दुसरा. जानेवारीतले कित्येक दिवस यात गेले. थंडी उणे पंचेचाळीस अंशांच्याही खाली. शिधा संपत आला. १७ जानेवारीला फिट्झजेराल्डनं रोजनिशीत आशा संपल्याचं लिहिलं. वाट माहीत आहे या कार्टरच्या शब्दावर आपण विसंबायला नको होतं, हेही लिहिलं. दुसऱ्या दिवशी ते माघारी वळले.

परतीचा प्रवास वाचवत नाही. खायला काही उरलं नाही तेव्हा एकेक कुत्रं मारून खाल्लं. गाडी ओढणाऱ्या, रात्री अंगाशी झोपणाऱ्या मुक्या जनावरांवर ही वेळ आणणं त्यांनाही सोपं गेलं नसणार. ५ फेब्रुवारीला रोजनिशी थांबते. त्या दिवशी पाच कुत्री उरली होती. किन्नी आणि टेलर फोर्ट मॅकफर्सनपासून साधारण छप्पन्न किलोमीटरवर राहिले. एक उपासमारीनं गेला, दुसऱ्यानं स्वतःला गोळी घालून घेतली. फिट्झजेराल्ड आणि कार्टर मदत आणायला पुढं निघाले आणि सुमारे चाळीस किलोमीटर उरलेलं असताना कोसळले. आधी कार्टर गेला. फिट्झजेराल्डनं त्याचे हात छातीवर नीट ठेवले, तोंडावर रुमाल घातला. मग जळक्या काटकीच्या कोळशानं कागदाच्या तुकड्यावर मृत्युपत्र लिहिलं. जे काही आहे ते हॅलिफॅक्सच्या आईला. हर्शेल बेटाकडं एका स्थानिक स्त्रीपासून त्याला एक मुलगी होती. त्या माय-लेकींचा त्या कागदावर उल्लेख नाही. चौघांच्या थडग्याशी उभं राहणाऱ्यांना ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते.

इकडं डॉसनमध्ये गस्त आली नाही म्हणून चिंता सुरू झाली होती. फेब्रुवारीच्या उत्तरार्धात उत्तरेकडून ग्विचिन मंडळी डॉसनला आली, त्यांत इसाव जॉर्ज होता. पोलीस अजून पोचलेच नाहीत हे ऐकून त्याला नवल वाटलं. आपण तर त्यांना १ जानेवारीलाच वाटेला लावलं होतं! ज्याला परत पाठवलं त्याच्याच सांगण्यावरून पहिल्यांदा कळलं की काहीतरी भयंकर घडलं आहे.

शोधाला निघाला कॉर्पोरल डेम्पस्टर. जन्मानं वेल्सचा, सोन्याच्या धावपळीच्या काळात युकॉनला आलेला, ही वाट अनेकदा केलेला. २८ फेब्रुवारीला तो निघाला. बरोबर एक शिपाई, एक माजी शिपाई आणि चार्ली स्टुअर्ट नावाचा ग्विचिन वाटाड्या. डेम्पस्टरला स्वतःला वाट येत होती, तरी त्यानं वाटाड्या घेतला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. बर्फाखाली गाडलेल्या खुणा वाचत, जुन्या मुक्कामांच्या राखेवरून माग काढत ते गेले. २१ मार्चला पहिले दोन देह सापडले, दुसऱ्या दिवशी उरलेले दोन. २८ मार्चला चौघांना फोर्ट मॅकफर्सनला पुरलं.

पोलिसांनी यातून धडा घेतला. वाटेवर आसऱ्याच्या झोपड्या बांधल्या, शिध्याचे साठे ठेवले, आणि स्थानिक वाटाड्याशिवाय गस्त निघायची नाही असं ठरलं. १९२१ पर्यंत ही गस्त चालली. पुन्हा अशी दुर्घटना झाली नाही.

मग रस्ता. १९५० च्या दशकात उत्तर युकॉनमध्ये तेल आणि वायू शोधायला कंपन्या आल्या. बुलडोझरच्या मागं घसरगाड्या जोडून अवजड सामान डोंगरांपलीकडं न्यायचं होतं. यंत्रं तगडी होती, पण खिंड कुठली धरायची हे यंत्राला कुठं कळतं? तेव्हा डॉसनकडच्या ट्रोंडेक ह्वेचिन समाजातले जो हेन्री यांनी वाट दाखवली. शिकारीच्या आणि सापळ्यांच्या निमित्तानं त्यांनी आणि त्यांच्या वाडवडलांनी तो मुलूख पायांनी मोजलेला होता. पुढं रस्ता साधारण त्याच दिशेनं गेला.

सरकारनं १९५८ मध्ये रस्ता करायचं ठरवलं आणि १९५९ मध्ये काम सुरू झालं. बांधायला हा रस्ता अवघड, कारण खालची जमीन कायमची गोठलेली. वरचं शेवाळ खरवडून सपाट केलं की ऊन आत शिरतं, गोठलेली माती वितळते, आणि रस्ता चिखलात बसतो. म्हणून इथं खणायचं नाही, उलट वर भर घालायची. माणसाच्या उंचीएवढा, काही ठिकाणी त्याहूनही उंच खडीचा बांध घातला. तो बांध जमिनीवर गोधडीसारखा पसरतो आणि खालचा बर्फ वितळू देत नाही. आपण गोधडी ऊब धरायला घेतो, तिथं ती गारवा धरायला घातली आहे! १९६१ मध्ये पैसा आणि उत्साह दोन्ही आटले, काम थांबलं. १९६८ मध्ये अलास्काच्या उत्तर किनाऱ्याला प्रूडो बेला मोठा तेलसाठा सापडला तेव्हा पुन्हा जोर आला, आणि १८ ऑगस्ट १९७९ ला रस्ता खुला झाला. पील आणि मॅकेन्झी या दोन नद्यांवर मात्र पूल नाहीत. उन्हाळ्यात तरीनं गाडी पलीकडं न्यायची, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरूनच. बर्फ धरताना आणि फुटताना, वर्षातून दोनदा, काही आठवडे वाट बंद.

रस्त्याबरोबर त्याच खोऱ्यातून वायूची नळवाहिनी नेण्याचीही योजना होती. तेव्हा सरकारनं न्यायमूर्ती थॉमस बर्जर यांना चौकशीला नेमलं. १९७४ ते १९७७ या काळात हे गृहस्थ दक्षिणेतल्या मोठ्या शहरांबरोबर उत्तरेतल्या लहान लहान वस्त्यांत गेले, फोर्ट मॅकफर्सनलाही गेले, आणि समाजमंदिरात, शाळेत बसून लोकांचं ऐकलं. आपापल्या भाषेत बोलायची मुभा होती. आज्या बोलल्या, तरुण मुली बोलल्या. मासळी कुठं वाळवतो, कुणाला कुठं पुरलंय, कॅरिबू कुठून येतात, हे सगळं साक्ष म्हणून नोंदलं गेलं. बर्जर यांनी सांगितलं की उत्तर युकॉनमधून नळवाहिनी नेऊच नये, आणि मॅकेन्झीच्या खोऱ्यात दहा वर्षं थांबावं. ज्यांना आधी कुणी विचारलं नव्हतं त्यांना विचारलं, तर निर्णय बदलला.

कॅरिबूंचंही असंच. पोर्क्युपाइन नावाचा मोठा कळप दरवर्षी या रस्त्याला आडवा जातो. कळपाचे पुढचे प्राणी जाऊ द्यावेत, त्यांना छेडू नये, ते ज्या वाटेनं गेले त्याच वाटेनं मागचे येतात, असं ग्विचिन वडीलधारी सांगत आले. रस्ता झाल्यावर बंदूक घेऊन गाडीतून येणं सोपं झालं, तेव्हा हे जुनं सांगणं शिकारीच्या नियमांतही आणावं लागलं. वाट कोण काढतं आणि मागचे कुणाच्या भरवशावर चालतात, हे त्या मुलखात हरणांनासुद्धा कळतं.

आता आपल्याकडं बघूया. बेळगावातून, गोव्यातून, इंदुरातून मुलं बुलेटवर सामान बांधून लडाखला जातात. त्यांत हल्ली मुलीही असतात, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. परत आल्यावर खिंडींची नावं आणि उंची तोंडपाठ सांगतात. खारदुंग ला, चांग ला, उमलिंग ला. पण त्या खिंडींत डांबर टाकायला सीमा रस्ते संघटनेकडं दरवर्षी झारखंडच्या दुमक्याहून मजूर जातात, तोंडाला फडकं बांधून त्या विरळ हवेत खडी फोडतात, हे किती जणांनी पाहिलं? आणि त्याआधी पश्मिना लोकर घेऊन त्याच खिंडींतून ये-जा करणारे चांगपा मेंढपाळ? माझा भाचा गेला होता, त्याला मी हे विचारलं. तो म्हणाला, “मावशी, खरं सांगू? ओढ्याचं पाणी वाढलं होतं तेव्हा गाडी कुठून घालायची ते एका रस्त्यावरच्या कामगारानंच दाखवलं.” त्याचं नाव? ते विचारायचं राहून गेलं होतं.

मी डेम्पस्टरचं नाव पुसा असं म्हणत नाही. तो माणूस गुणी होता, आणि त्याचा मोठा गुण म्हणजे वाट येत असूनही त्यानं चार्ली स्टुअर्टला बरोबर घेतलं. पण पाटीवर एकच नाव मावतं. फिट्झजेराल्डचीही कुचेष्टा करू नये. शूर होता, शेवटपर्यंत आपल्या माणसांना सोडून पळाला नाही. चूक एवढीच, की आपल्यासारख्या दिसणाऱ्या माणसाच्या अर्ध्या माहितीवर त्यानं विश्वास ठेवला, आणि वेगळ्या दिसणाऱ्याच्या पूर्ण माहितीला काही दिवसांची मजुरी देऊन मोकळा झाला. अशी माणसं आपल्या संस्थांत, कमिट्यांत, घराघरांत आपण पाहतो. घरातल्या बाईला, कामावरच्या मावशींना, गावाकडच्या म्हाताऱ्याला जे ठाऊक असतं ते विचारण्यात कमीपणा वाटतो. बहुतेक वेळा त्याचं नुकसान थोडक्यात भागतं. कधी भागत नाही.

वाट दाखवणारे जो हेन्री पुढं शंभरी ओलांडून २००२ साली वारले. १९२१ साली त्यांचं ॲनीशी लग्न झालं होतं. ऐंशीहून अधिक वर्षांचा संसार! ते बर्फात पाय रुतू नये म्हणून पायाला बांधायच्या जाळीच्या चौकटी, स्नोशू, बनवायचे. ॲनी कातड्याचे जोडे शिवून त्यावर मणीकाम करायच्या. त्यांच्या काळातल्या त्या मुलखात कुणी दूर गेलं ते अशाच घरच्या हातांनी केलेल्या वस्तूंवर. चार वर्षांनी, २००६ मध्ये, त्याही गेल्या.

आपल्या घरातून कुणी लांबच्या वाटेला निघालं की आपण डबा बघतो, औषधं बघतो, गरम कपडे घातलेत का बघतो. त्यात आणखी एक गोष्ट विचारायला घ्या. तिथं वाट कुणाला विचारणार आहेस? आणि परत आल्यावर फोटो बघण्याआधी विचारा, ज्यानं सांगितली त्याचं नाव काय.